ऐकणाऱ्यांची तयारी

कॅनडातील मूळ रहिवासी आणि बाकीचा समाज यांच्यातील सलोख्याचे काम बरेचसे बोलण्या-ऐकण्याचे आहे. सत्य व सलोखा आयोगापुढच्या साक्षी, शाळांतले तास, कचेऱ्यांतली प्रशिक्षणे, सभागृहात खुर्च्यांचे रिंगण करून होणाऱ्या बैठका अशा अनेक ठिकाणी ते चालते. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी मिळून मूळ रहिवाशांची संख्या २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे १८ लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या पाच टक्के आहे. उरलेल्यांपैकी आज मध्यमवयीन असलेल्या बहुतेकांना त्यांच्याविषयी शाळेत फारसे काही शिकवले गेलेले नाही. त्यामुळे या कामाची सुरुवात दर वेळी जवळजवळ पाटी कोरी असल्यासारखी करावी लागते. ते वर्षानुवर्षे करणाऱ्यांचा अनुभव असा, की मनमोकळे बोलणे आपोआप घडत नाही. कोणी विचारायचे, कोणी गप्प राहायचे, सांगितलेल्या गोष्टीवर पुढे हक्क कोणाचा, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता घेतलेल्या बैठकांनी होते तेही काही वेळा बिघडवले आहे.

बोलण्याचा विषय मुख्यतः निवासी शाळांचा असतो. सरकारचा पैसा आणि चर्चचे व्यवस्थापन अशा भागीदारीतून चाललेल्या या शाळा १८३० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत होत्या आणि मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुले त्यांतून गेली. १९२० मध्ये कायदा दुरुस्त करून मुलांना पाठवणे सक्तीचे करण्यात आले. मुलांचे केस कापले जात, घरची भाषा बोलल्यास शिक्षा होई, आणि मुलामुलींची राहण्याची व्यवस्था वेगळी असल्याने अनेकदा एकाच शाळेतल्या भावाबहिणींना एकमेकांशी बोलताही येत नसे. सरकारी वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्येच या शाळांतील क्षयरोगाविषयी अहवाल दिला होता. उपाय झाले नाहीत. निवृत्तीनंतर १९२२ मध्ये त्यांनी तीच माहिती पुस्तिकेच्या रूपाने स्वतः लोकांपुढे ठेवली, तरीही शाळा चालूच राहिल्या. हे उदाहरण प्रशिक्षणांत हमखास सांगितले जाते, कारण ‘त्या काळी कोणाला कल्पनाच नव्हती’ हा बचाव बैठकीत कोणीतरी मांडतोच.

शाळांमधून गेलेल्यांनी उघडपणे बोलायला फार उशिरा सुरुवात केली. १९९० मध्ये मॅनिटोबातील नेते फिल फॉन्टेन यांनी आपल्यावर झालेल्या अत्याचाराविषयी दूरचित्रवाणीवर सांगितले. त्यानंतर एकेक जण पुढे आला, खटले उभे राहिले आणि खटल्यांची संख्या आवाक्याबाहेर गेल्यावर २००६ मध्ये सरकार, चर्च आणि माजी विद्यार्थी यांच्यात तडजोडीचा करार झाला. शाळेत राहिल्याबद्दल पहिल्या वर्षाचे १०,००० आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३,००० डॉलर असा दर ठरला. गंभीर अत्याचारांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र यंत्रणा नेमली गेली. त्याच कराराने सत्य व सलोखा आयोगही आणला. तो कोणा सरकारच्या उदार मनातून निघालेला नाही. न्यायालयात लढलेल्यांनी तो पदरात पाडून घेतला, हे विसरले की पुढची सगळी चर्चा उपकाराच्या सुरात होऊ लागते.

आयोगाची सुरुवात धड झाली नाही. २००८ मध्ये नेमलेल्या अध्यक्षांनी काही महिन्यांत राजीनामा दिला, दोन्ही सदस्यही बाहेर पडले आणि २००९ मध्ये नव्याने मांडणी करावी लागली. अनिशिनाबे समाजातील न्यायाधीश मरे सिंक्लेअर अध्यक्ष झाले. त्यांच्यासोबत क्री समाजातील वकील व माजी खासदार विल्टन लिटलचाइल्ड आणि पत्रकार मेरी विल्सन होत्या. लिटलचाइल्ड यांचे स्वतःचे बालपण निवासी शाळांत गेले होते. २०१० ते २०१४ या काळात विनिपेग, इनुविक, हॅलिफॅक्स, सास्काटून, माँट्रिऑल, व्हँकुव्हर आणि एडमंटन येथे सात राष्ट्रीय मेळावे झाले. त्याशिवाय लहान गावांत सुनावण्या झाल्या. साडेसहा हजारांहून अधिक लोकांची निवेदने नोंदवली गेली.

निवेदन देणाऱ्याला आधी निवड करायला सांगितले जाई. सगळ्यांसमोर बोलायचे, रिंगणात बोलायचे, की बंद खोलीत निवेदन नोंदवणाऱ्या एकाच माणसापुढे? चित्रफीत हवी की नुसता आवाज? सोबत कोणी बसलेले हवे का? नोंद घेणाऱ्यांचे काम प्रश्न विचारण्याचे फारसे नव्हते. उलटतपासणी नव्हती, तारखांचा ताळा घेतला जात नव्हता, मध्येच थांबून उठून जाण्याची मुभा होती. त्याच सुमारास अत्याचाराच्या दाव्यांच्या सुनावण्याही चालू होत्या आणि तिथे नेमके उलटे होते. कोणता प्रकार, किती वेळा, परिणाम काय, याचे गुण तक्त्यावरून मोजले जात आणि गुणांवरून रक्कम ठरे. असे अडतीस हजारांहून अधिक दावे आले. कित्येक माणसांनी एकच हकीकत दोन्ही खोल्यांत सांगितली. हकीकत तीच असली, तरी सांगताना माणसाचे काय होते हे समोरच्या खोलीच्या नियमांवर ठरते, हा धडा या कामात पुढे आलेल्या सगळ्यांनी इथूनच उचलला.

मेळाव्यांच्या व्यवस्थेत बारीकसारीक गोष्टींना फार महत्त्व होते. खुर्च्यांच्या रांगांमधून आरोग्य-साहाय्यक फिरत असत. कोणी रडू लागले तर जवळ जाऊन बसत, पाणी देत. डोळे पुसलेले कागदी रुमाल कचऱ्यात टाकायचे नसत. ते कागदी पिशव्यांत गोळा होत आणि बाहेर तेवत ठेवलेल्या पवित्र अग्नीत अर्पण केले जात. समोर सीडरच्या लाकडाची पेटी ठेवलेली असे. कोस्ट सॅलिश कलावंत ल्यूक मार्स्टन यांनी ती घडवली होती. एकाच फळीला वाफ देऊन, वाकवून चार बाजू करायच्या, ही देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरची पद्धत. कोरीव कामात त्यांच्या आजीने निवासी शाळेत काय सोसले ते होते. चर्च, सरकारी खाती आणि सामान्य माणसे आपापल्या परीने काही आणून या पेटीत ठेवत. आणखी एक प्रथा म्हणजे वाढदिवस. शाळांमध्ये मुलांचे वाढदिवस साजरे होत नसत, म्हणून मेळाव्यात सगळ्या माजी विद्यार्थ्यांचा मिळून एक वाढदिवस होई. गाणे म्हटले जाई, केक वाटले जात आणि सत्तरी ओलांडलेली माणसे केक खात बसत.

मेळाव्यांत शिक्षण दिनही असे. त्या दिवशी आसपासच्या शाळांतील मुले हजारोंच्या संख्येने येत. शिक्षकांना धास्ती असे की मुले काहीतरी भलते विचारतील. प्रत्यक्षात अवघडलेपण मोठ्यांचेच असते. मोठी माणसे प्रश्नाच्या आडून स्वतःची बाजू मांडतात आणि समोरच्याकडून माफीचा दिलासा मागतात. मुले खाण्याविषयी, झोपण्याविषयी, घरच्या आठवणीविषयी विचारतात, आणि तशा प्रश्नांना उत्तर देता येते.

डिसेंबर २०१५ मध्ये आयोगाचा अंतिम अहवाल आला. त्यातील ९४ शिफारशी त्याआधी जूनमध्येच जाहीर झाल्या होत्या. शाळांत मरण पावलेल्या सुमारे ३,२०० मुलांची नोंद आयोगाला सापडली. त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलांची नावेही कागदावर नव्हती. सरकारकडचे दप्तर मिळवण्यासाठी आयोगाला न्यायालयात जावे लागले होते, हेही लक्षात ठेवायला हवे. परस्परांचा आदर राखणारे नाते उभारणे आणि टिकवणे, अशी सलोख्याची व्याख्या अहवालाने केली आणि त्यासाठी घडलेल्याची जाणीव, झालेली हानी मान्य करणे, तिच्या कारणांचे प्रायश्चित्त आणि वागण्यातला बदल या चार गोष्टी सांगितल्या. शिफारशींमध्ये डॉक्टर, परिचारिका, वकील, सरकारी नोकर, कंपन्या आणि शाळा या सगळ्यांनी शिकावे असे वेगवेगळ्या कलमांत म्हटले आहे. ब्रिटिश कोलंबियाने यातले बरेच मनावर घेतले. तिथे वकिलांना याविषयीचा अभ्यासक्रम पूर्ण करणे बंधनकारक आहे आणि २०२३-२४ पासून मूळ रहिवाशांविषयीचा विषय घेतल्याशिवाय शालान्त प्रमाणपत्र मिळत नाही. ३० सप्टेंबर हा दिवस २०२१ पासून सत्य व सलोख्याचा राष्ट्रीय दिन झाला. त्याआधी मे महिन्यात कॅम्लूप्सच्या जुन्या शाळेच्या आवारात जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारने संभाव्य थडग्यांच्या खुणा दाखवल्या होत्या आणि देश हादरला होता.

त्या वर्षी प्रशिक्षणांची मागणी एकदम वाढली आणि शिकवणाऱ्यांच्या अडचणीही.

सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रकार म्हणजे ब्लँकेट एक्सरसाइज. तो १९९७ मध्ये, मूळ रहिवाशांविषयीच्या राजआयोगाचा चार हजार पानांचा अहवाल आल्यानंतर, चर्चच्या न्याय-हक्क चळवळीतून तयार झाला. एवढा अहवाल कोण वाचणार, हा व्यवहारी प्रश्न त्यामागे होता. सभागृहाच्या जमिनीवर ब्लँकेटे पसरतात; ती म्हणजे उत्तर अमेरिकेची भूमी. सहभागी लोक पायातले काढून त्यांवर फिरतात, वस्तूंची देवाणघेवाण करतात. मग युरोपीय माणसाची भूमिका करणारा येतो आणि निवेदक एकेक घटना वाचू लागतो. करार, कायदे, साथी. पांढरे कार्ड हातात असलेले लोक साथीत मेलेले, त्यांनी बाजूला व्हायचे. काही जणांना निवासी शाळेसाठी उचलून एका कोपऱ्यातल्या ब्लँकेटवर नेतात आणि परत आल्यावर बाकीच्यांना त्यांच्याकडे पाठ करायला सांगतात. प्रत्येक टप्प्यावर ब्लँकेट दुमडले जाते. कडेबाहेर पाऊल पडता कामा नये, असा नियम असतो. तासाभराने चारपाच माणसे चौकोनी घडीवर एकमेकांना धरून उभी असतात आणि बरीचशी ब्लँकेटे रिकामी पडलेली असतात.

यानंतरचे रिंगण हा खरा भाग, आणि घाईत तोच कापला जातो. रिंगणात पीस किंवा दगड हातोहात फिरतो. तो ज्याच्या हातात असेल त्यानेच बोलायचे. काही न बोलता पुढे दिला तरी चालतो. कोणाच्या बोलण्याला उत्तर द्यायचे नाही, सल्ला द्यायचा नाही. कुठे तो घड्याळाच्या दिशेने जातो, कुठे उलट. त्या त्या समाजाची रीत पाहायची. ज्यांना चर्चा म्हणजे वाद अशी सवय आहे त्यांना हे जड जाते. पण वीस माणसांत एखादा जण स्वतःच्या कुटुंबाचीच हकीकत सांगू लागला, तर लगेच कोणी तज्ज्ञ बनून मध्ये पडू नये यासाठी हा नियम आहे. बैठकीला आलेल्यांत मूळ रहिवासी असतील तर त्यांना ब्लँकेटवर उभे करायचे की नाही, हेही आधी विचारावे लागते. इतरांना शिकवण्यासाठी त्यांनी आपल्या माणसांचा मृत्यू पुन्हा उभा करावा, ही अपेक्षा गैर आहे. बैठक चालवणारे अनुभवी संचालक अशांना बाहेर बसण्याची मोकळीक देतात आणि समाजातल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला शेवटपर्यंत थांबायला सांगतात.

वडीलधाऱ्यांना बोलावण्याचीही रीत आहे. अनिशिनाबे, क्री आणि इतर अनेक समाजांत विनंती करताना सुटी तंबाखू, बऱ्याचदा कापडाच्या तुकड्यात बांधून, पुढे करतात. त्यांनी ती घेतली म्हणजे होकार. इन्युइटांकडे ही रीत नाही. त्यांच्या कार्यक्रमात सीलच्या तेलाचा दिवा लावतात. ‘सगळे मूळ रहिवासी एकच’ समजून तंबाखू सगळीकडे नेणारे आयोजक पुष्कळ आहेत. मानधनाचा प्रश्न याहून रोजचा. वडीलधारी व्यक्ती दोनशे किलोमीटर गाडी चालवून येते, दोन तास बोलते, आणि लेखाविभाग तिच्या हाती पुरवठादार-नोंदणीचा अर्ज ठेवतो. पैसे दोन महिन्यांनी. आता बऱ्याच विद्यापीठांनी त्याच दिवशी मानधन देण्याचा नियम केला आहे. सेज किंवा स्वीटग्रास जाळून धुरी द्यायची असेल, तर इमारतीची देखभाल पाहणाऱ्यांना आधी कळवून त्या खोलीतील धुराचा गजर बंद करून घ्यावा लागतो. न कळवल्यास प्रार्थनेच्या मध्यात भोंगा वाजतो आणि सगळी इमारत रस्त्यावर येते. सलोख्याच्या धोरणपत्रकांत हे लिहिलेले नसते, पण बैठक नीट पार पडते ती अशा कामांनी.

कचेरीत मूळ रहिवासी समाजातला एकच कर्मचारी असेल तर त्याची अवस्था अवघड होते. समितीत तोच, भाषणाला तोच, भिंतीवर लावायच्या चित्राविषयी मतही त्यालाच विचारायचे. त्याचे नेमून दिलेले काम मात्र कमी होत नाही. जून आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे या विषयाचे राष्ट्रीय दिवस असतात त्या महिन्यांत, तर बाहेरच्या वक्त्यांच्या तारखाही मिळत नाहीत, आणि ऑक्टोबरपासून कोणी विचारत नाही. ज्या संस्थांनी वर्षभर, थोड्या लोकांबरोबर, वाचन आणि चर्चा असे मंडळ चालवले तिथे प्रश्न हळूहळू बदलत गेलेले दिसतात. सुरुवातीला ‘आम्ही काय म्हणायला हवे?’ आणि पुढे ‘आमच्या भरतीत, कंत्राटांत, जमिनीच्या व्यवहारात काय चुकते?’ एका दिवसात उरकलेल्या प्रशिक्षणात दुसऱ्या प्रश्नापर्यंत कोणी पोहोचत नाही.

सभेच्या सुरुवातीला भूमीचे मूळ धनी कोण ते सांगण्याची प्रथाही अशीच घासून गुळगुळीत झाली. टोरंटोतील अनिशिनाबे अभ्यासक हेडन किंग यांनी आपल्या विद्यापीठासाठी असा मजकूर लिहिण्यास मदत केली होती. २०१९ मध्ये त्यांनी त्याचा पस्तावा होतो असे जाहीरपणे सांगितले. लोक कागदावरून नावे वाचतात आणि त्या नावांच्या माणसांप्रती काही देणे लागते हा भाग गाळतात, ही त्यांची तक्रार होती. त्या विद्यापीठाला ज्यांचे नाव होते त्या एगर्टन रायर्सन यांच्या १८४७ च्या अहवालाचा संबंध निवासी शाळांच्या आखणीशी जोडला जातो. २०२२ मध्ये नाव बदलून टोरंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ झाले.

या शिक्षणात नव्याने आलेल्या स्थलांतरितांचा वाटा आता मोठा आहे, आणि त्यांत टोरंटोच्या आसपास स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही येतात. त्यांच्यापैकी अनेक जण मिसिसॉगा शहरात राहतात. ज्यांच्यावरून शहराला नाव पडले ते मिसिसॉगा लोक क्रेडिट नदीकाठी राहत. १८०५ मध्ये टोरंटोची सुमारे अडीच लाख एकर जमीन अवघ्या दहा शिलिंगांत घेतल्याची नोंद झाली. १८४७ मध्ये या लोकांना नदीकाठ सोडून हॅगर्सव्हिलजवळ जावे लागले. जमिनीच्या त्या व्यवहाराबद्दल २०१० मध्ये १४ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. नागरिकत्वाची शपथही आयोगाच्या ९४ व्या शिफारशीनुसार २०२१ मध्ये बदलली. मूळ रहिवाशांचे करारांतून आलेले आणि इतर हक्क मान्य करणारी राज्यघटना पाळण्याचे वचन आता तिच्यात आहे.

स्थलांतरितांच्या बैठकांत दोन गोष्टी नेहमी ऐकू येतात. आपण तर नंतर आलो, यात आपला काय दोष. आणि आपणही इंग्रजांच्या राज्यातूनच आलो. दुसरी गोष्ट खरी असल्यामुळे संचालकांना ती उपयोगी पडते. कोणाची तरी भाषा शाळेतून हद्दपार करणे, जमिनीचे कागद परक्या कायद्यात अडकवणे, हे या श्रोत्यांना फार समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या म्हणण्याला उत्तर देताना दोषाचा मुद्दा बाजूला ठेवून कराराचा मुद्दा घेतात. नव्याने आलेला माणूस घर, रस्ते, पाणी या सोयी ज्या करारांच्या बळावर वापरतो, त्या करारांतल्या अटी सरकारच्या बाजूने पूर्ण झालेल्या नाहीत. पाण्याचेच पाहावे. २०१५ मध्ये फर्स्ट नेशन्सच्या वस्त्यांत पिण्याच्या पाण्याबाबत सावधानतेच्या दीर्घकालीन सूचना शंभराहून अधिक ठिकाणी लागू होत्या. मार्च २०२१ पर्यंत त्या सगळ्या उठवण्याचे सरकारी आश्वासन पुरे झाले नाही, आणि बऱ्याच उठल्या तरी काही उरल्याच. बैठकीत रडलेली माणसे दुसऱ्या दिवशी याविषयी आपल्या खासदाराला पत्र लिहीत नाहीत, ही संचालकांची जुनी खंत आहे.

बोललेल्या शब्दांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आयोगाकडची निवेदने आणि कागदपत्रे विनिपेगमध्ये मॅनिटोबा विद्यापीठात २०१५ पासून असलेल्या राष्ट्रीय केंद्रात ठेवली आहेत, आणि कोणाला काय पाहता येईल याचे नियम निवेदन देणाऱ्याच्या संमतीवर चालतात. दाव्यांच्या सुनावण्यांची कागदपत्रे मात्र गुप्ततेचे वचन देऊन घेतली होती. केंद्राचे म्हणणे होते की ती इतिहासासाठी जपावीत. ज्यांनी बंद दाराआड आपल्यावरचे अत्याचार सांगितले होते, त्यांच्या बाजूने २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. दावेदाराने सांगितले तरच कागद राखायचे, अन्यथा १९ सप्टेंबर २०२७ नंतर ते नष्ट करायचे. स्वतःची प्रत मागणे, केंद्राकडे ती ठेवू देणे, किंवा काहीच न करणे, असे पर्याय त्यांच्यापुढे आहेत. काहीच न करण्यासाठी कोणताही अर्ज भरावा लागत नाही.